फळ्यावरून ओट्यावर : आमची वाटचाल

आम्ही स्वयंपाक करता करता इंग्रजी शिकवतो. आमच्या क्लासला लोक दोन नावांनी ओळखतात. इंग्रजी शिकायला आलेले त्याला ‘कुकिंग क्लास’ म्हणतात आणि काहीतरी नवीन करायला शिकू म्हणून आलेले ‘इंग्लिश क्लास’. पहिले काही दिवस दोघांचीही थोडी निराशा होते. मग कांदा चिरायला घेतला की गाडी रुळावर येते.

मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायचे आणि माझी नणंद केटरिंगची कामं करायची. ऑर्डर देणारी काही मंडळी इंग्रजीतच बोलायची. एकदा ती म्हणाली, “वहिनी, भाज्यांची नावं मला सगळी येतात. पण हे किती वेळ परतायचं, किती बारीक चिरायचं, असं कुणी विचारलं की माझं तोंड बंद. तू मला ते शिकव.” तिचं म्हणणं ऐकून मी माझी पुस्तकं उघडली. ‘फूड’च्या धड्यात नामांची रांग होती, चित्रांसकट. क्रियापदं दोन-चार. आमचा अभ्यासक्रम तिथून सुरू झाला आणि अजूनही तो क्रियापदांवरच उभा आहे.

याचं कारण स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळतं. आपण पाणी उकळतो आणि बटाटे उकडतो. इंग्रजीत दोन्हीला बॉइल. इथे आपली भाषा श्रीमंत. पण आपण ‘भाजणे’ म्हणून मोकळे होतो, तिथे इंग्रजी विचारते, कशावर भाजलं? ओव्हनमध्ये मळलेलं पीठ भाजलं तर बेक, जाळीवर धरलं तर ग्रिल, ब्रेडचा काप खरपूस केला तर टोस्ट, शेंगदाणे भाजले तर रोस्ट. चिरण्याचंही तेच. चॉप म्हणजे कसंही तुकडे करणं, स्लाइस म्हणजे चकत्या, डाइस म्हणजे चौकोनी फोडी, मिन्स म्हणजे अगदी बारीक. ही यादी फळ्यावर लिहून दिली तर दुसऱ्या दिवशी निम्मी उडालेली असते. हातात सुरी असली की राहते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात भाषा शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे : आज्ञा ऐकायची आणि शरीराने ती पाळायची. पाककृती म्हणजे आज्ञांचीच माळ. पील (सोला), ग्रेट (किसा), स्टर (ढवळा), ड्रेन (पाणी काढून टाका). कर्ता नाही, काळाची भानगड नाही. घाबरलेल्या माणसाला वाक्यात शिरायला यापेक्षा सोपं दार मला तरी माहीत नाही.

आमचा मुख्य खेळ अगदी साधा आहे. जोड्या लावायच्या. एकाच्या हातात पाककृतीचा कागद, दुसऱ्याच्या हातात सुरी आणि समोर शेगडी. कागदवाल्याने हात लावायचा नाही, सुरीवाल्याने कागद बघायचा नाही, आणि मराठी दोघांनीही बोलायची नाही. मग “चॉप द अनियन” म्हटल्यावर ढोबळ तुकडे पडतात. कागदवाला “नो, नो, स्मॉल” म्हणतो. तुकडे थोडे लहान होतात. तो पुन्हा कागदाकडे बघतो आणि त्याला तिथला ‘बारीक’साठीचा शब्द सापडतो : “फाइनली! चॉप इट फाइनली!” त्या क्षणी क्रियाविशेषण म्हणजे काय ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही. एका जोडीत “टू क्लोव्ह्ज ऑफ गार्लिक” ऐकून बाईंनी दोन लवंगाही घातल्या आणि लसूणही. क्लोव्ह म्हणजे लवंग हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लसणाच्या पाकळीलाही तोच शब्द आहे, हे कढईने सांगितलं. वास काही वाईट नव्हता. संपवलं सगळ्यांनी.

नणंदेचं इंग्रजी यात सुधारलंच, पण धंद्याला तिचा खरा उपयोग वेगळा झाला. इंग्रजीच्या क्लासला लागतं काय, जागा आणि खडू. आम्हाला अंडी, पीठ, तेल, गॅस, भांडी घासणारं माणूस. एका बॅचमध्ये किती जणांना घ्यायचं ते खुर्च्यांवरून ठरत नाही, शेगड्यांवरून ठरतं. सामान किती आणायचं, उरलेलं कशात वापरायचं, हा हिशेब तिच्या बोटांवर होता. माझ्यावर सोडलं असतं तर आम्ही केव्हाच बुडालो असतो. सामानाचा खर्च फीमध्येच धरायचा हा आग्रह तिचाच. अर्ज भरताना मात्र अजून पंचाईत होते : शिक्षण की खाद्यव्यवसाय, कुठल्या चौकटीत खूण करायची?

एका शाळेने आम्हाला शिबिरासाठी बोलावलं आणि आयत्या वेळी “मुलांना अभ्यास हवा, खाणं नको” म्हणून रद्द केलं. सामान आणून ठेवलेलं होतं. असो. त्यानंतर मुलांसाठी विस्तवाशिवायची बॅच सुरू केली : सँडविच, सॅलड, फळांच्या फोडी. स्प्रेड, स्प्रिंकल, स्क्वीझ, टॉस हे शब्द मुलं ज्या उत्साहाने वापरतात, तो मोठ्यांत क्वचित दिसतो.

मोठ्यांमध्ये सगळ्यात वेगळी निघाली ती हॉटेलच्या किचनमध्ये काम करणाऱ्यांची बॅच. ज्युलियन (लांब बारीक काप), सॉटे (थोड्या तेलात परतणं), ब्लांच (उकळत्या पाण्यातून पटकन काढणं) हे शब्द त्यांच्या तोंडात बसलेले. हे सगळे मुळात फ्रेंच. पण “हे जरा इकडे देता का?” एवढं इंग्रजीत म्हणताना अडखळायचे. त्यांना आम्ही पदार्थांची भाषा शिकवलीच नाही. कामाच्या घाईत विनंती, नकार आणि माफी कशी बोलायची तेवढंच. त्यांना एक गंमत फार आवडली : शेतात असते तोवर शीप, ताटात आली की मटन, पिगचं पोर्क. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. जनावरं राखणाऱ्यांचे शब्द इंग्रजी राहिले आणि खाणाऱ्यांचे फ्रेंच झाले, असं त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. एक जण लगेच म्हणाला, “मॅडम, आमच्या हॉटेलात अजून तसंच आहे.”

परदेशी निघालेल्यांची गरज आणखी निराळी. त्यांना पाकिटावरचा मजकूर वाचता यायला हवा. इथे मापं आडवी येतात. टीस्पून ५ मिलीलीटरचा, टेबलस्पून १५चा, पण ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २०चा. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीलीटर, मेट्रिक कप २५०. शिवाय एकाच भाजीची दोन नावं : वांगं आणि कोथिंबीर ब्रिटनमध्ये ऑबर्जिन आणि कोरिअँडर, अमेरिकेत एगप्लांट आणि सिलँट्रो. आणि इंग्रजीत पीठ व फूल, दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. दुकानात फ्लॉवर मागितल्यावर काय हातात येईल, ते संदर्भावर.

सर्टिफिकेट मिळेल का, हे प्रत्येक चौकशीत विचारलं जातं. आम्ही देत नाही. शेवटच्या दिवशी न पाहिलेल्या पदार्थाचा इंग्रजी कागद देतो आणि वेळ लावतो. पदार्थ जमला तर पास. न जमला तर बिघडला कुठे, ते सगळ्यांसमोर इंग्रजीत सांगायचं. ते नीट सांगता आलं तरी पास. पुढच्या बॅचपासून मापांसाठी एक स्वतंत्र तास ठेवणार आहोत. त्यासाठी दोन्ही प्रकारचे कप मागवले आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून नणंदेने आत्ताच त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, इंग्रजीत.