स्पीनच्या टेकडीवर विसावलेले घोडे

लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांमध्ये स्पीन नावाचे लहानसे गाव आहे. लष्करातून आणि पोलीस दलातून निवृत्त झालेले घोडे, तसेच उपासमारीतून आणि छळातून सोडवून आणलेली तट्टे व गाढवे येथे ‘द हॉर्स ट्रस्ट’ या संस्थेच्या कुरणांत आपले उरलेले आयुष्य काढतात. जूनमध्ये आम्ही सहकुटुंब तेथे जाऊन आलो. इंग्लंडमध्ये मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना घेऊन एक दिवस कोठे जावे, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हा वृत्तांत मुद्दाम लिहीत आहे.

संस्था जुनी आहे. १८८६ मध्ये अ‍ॅन लिंडो या बाईंनी लंडनजवळ सडबरी येथे तिची सुरुवात केली, तेव्हा शहराच्या रस्त्यांवरची बहुतेक वाहतूक घोड्यांच्या जिवावर चालत होती आणि भाड्याच्या गाड्यांना जुंपलेली जनावरे राबून राबून रस्त्यातच कोसळत. लिंडोबाईंची योजना मला आजही विचार करायला लावते. थकलेल्या घोड्याला माफक शुल्कात विश्रांती आणि उपचार मिळत, आणि तोवर गरीब गाडीवानाची रोजी बुडू नये म्हणून त्याला बदली घोडा दिला जाई. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांचे आणि घोडेवाल्यांचे पुढे काय, हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले होते. माथेरानला तर घोड्यावर आजही कितीतरी घरांची चूल पेटते. जनावराची कणव आणि माणसाच्या पोटाची काळजी यांची सांगड लिंडोबाईंनी पहिल्यापासून घातली होती, हे त्यामुळेच मला फार मोलाचे वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही काळ संस्थेचा मुक्काम क्रिकलवुडला होता. म्हणजे लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आज जेथे आहे, त्या डॉलिस हिलच्या अगदी शेजारी.

स्पीनला आलेल्या घोड्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध झाला तो सेफ्टन. २० जुलै १९८२ रोजी हाइड पार्कमध्ये घोडदळाच्या तुकडीजवळ बॉम्बस्फोट झाला, त्यात चार सैनिक आणि सात घोडे मृत्युमुखी पडले. सेफ्टनच्या अंगावर ३४ जखमा होत्या आणि मानेची मोठी रक्तवाहिनी तुटली होती, तरीही तो वाचला आणि बरा होऊन पुन्हा कामावर रुजू झाला. १९८४ मध्ये तो निवृत्त होऊन येथे आला आणि १९९३ मध्ये, तीस वर्षांचा असताना, गेला. सोडवून आणलेल्या जनावरांची कहाणी मात्र वेगळी असते. जानेवारी २००८ मध्ये जवळच्याच अ‍ॅमरशॅम येथील एका फार्मवरून शंभराहून अधिक घोडे, तट्टे आणि गाढवे सुटका करून हलवावी लागली आणि अनेक जनावरे तेथे मेलेली आढळली. ती सुटका आणि नंतरची शुश्रूषा यांत या संस्थेचा मोठा वाटा होता.

कुंपणाशी एक म्हातारा काळा घोडा बराच वेळ आमच्यासमोर चरत होता. डोळ्यांच्या वर खोल खळगे पडले होते, पाठ मध्येच खचली होती आणि चावलेल्या गवताचे ओले गोळे त्याच्या तोंडातून पुन्हा खाली पडत होते. दाढा झिजल्या की घोड्याला लांब गवत चावून बारीक करता येत नाही, म्हणून अशा घोड्यांना भिजवून मऊ केलेले खाद्य द्यावे लागते. काही तट्टांना, आपण बैलांना बांधतो तशी, मुसकी बांधलेली दिसते. ही शिक्षा नव्हे. कोवळे, गोड गवत फार खाल्ले की खुरांच्या आत सूज येऊन तट्टू लंगडे होते, म्हणून ही खबरदारी. डोळ्यांवरची जाळी माश्यांसाठी असते आणि तिच्यातून त्यांना व्यवस्थित दिसते, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ती हळहळत राहतात.

जाण्यासाठी मॅरिलबोन स्थानकावरून प्रिन्सेस रिझबरोची गाडी पकडावी. तेथून स्पीन चालत जाण्याजोगे नाही, त्यातून चढ आहे, म्हणून टॅक्सी करावी आणि परतीचीही आधीच ठरवून ठेवावी. स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांनी शेवटचा रस्ता अरुंद आहे हे लक्षात ठेवावे. पाहुण्यांसाठीचे दिवस आणि वेळा मर्यादित असतात व ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच घर सोडावे. पाऊस पडून गेला असेल तर गमबूटच हवेत.

घरून गाजरे, सफरचंदे किंवा गूळ नेऊ नये. आपल्याकडे जनावराला काही भरवल्याशिवाय माघारी फिरणे जिवावर येते, हे मला समजते. पण येथील बहुतेक घोड्यांचा आहार ठरलेला असतो आणि भलत्या घासाने पोटशूळ उठू शकतो, जो घोड्याच्या जिवावर बेततो. घोड्याला अगदी नाकासमोरचे आणि थेट मागचे दिसत नाही, म्हणून परवानगी मिळाल्यास खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. पांढऱ्या पट्टीच्या कुंपणात वीज असू शकते, तेव्हा मुलांचा हात सोडू नये.

येताना वर आकाशाकडेही पाहावे. १९८९ पासून चिल्टर्नमध्ये पुन्हा आणून सोडलेल्या, तांबूस रंगाच्या दुभंगलेल्या शेपटीच्या घारी येथे सहज दिसतात. आणि निघण्यापूर्वी दानपेटीत यथाशक्ति काही टाकावे, कारण म्हाताऱ्या घोड्याचे खाद्य, नालबंद आणि पशुवैद्य यांचा खर्च तो जगतो तितकी वर्षे चालूच राहतो.