लेबर रूममध्ये सोबत कोण असावे?

मराठवाड्यात पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि त्यामुळे बर्थ प्लॅनचा, म्हणजे बाळंतपणात काय हवे आणि काय नको ते आधीच लिहून ठेवण्याचा, विचार करणाऱ्या आमच्याकडच्या बाईला पहिली अडचण येते ती हीच, की सात महिने ज्या डॉक्टरांनी तपासले, त्यांच्या हातून बाळंतपण होणार नसते. माझे सासर छत्रपती संभाजीनगरचे आणि माहेर लातूरचे. डोहाळेजेवण झाले की मी लातूरला जाणार, हे कोणाला ठरवावे लागले नाही. सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, हिमोग्लोबिन, धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद असे सगळे फाईलमधून सोबत जाते. परंतु टाके, कळांचे इंजेक्शन आणि सिझर यांविषयी मी इथल्या डॉक्टरांना काय विचारले होते आणि त्यांनी काय उत्तर दिले होते, यातले काहीच त्या फाईलमध्ये नसते. आठव्या महिन्यात नव्या डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत हे सारे पुन्हा उभे करायचे, तर ते लिहूनच न्यावे लागेल, एवढ्या साध्या कारणाने मी एका कागदावर लिहायला बसले.

आजीने तो कागद पाहून विचारले, "लेकरू होताना कागद कोण वाचत बसतंय गं?" तिची शंका रास्त होती. इंटरनेटवर सापडणारे बर्थ प्लॅनचे नमुने मंद दिवे, संगीत, पाण्याचा टब अशा गोष्टींनी भरलेले असतात, आणि त्यांतल्या निम्म्या गोष्टी आपल्याकडच्या खाजगी दवाखान्यात मागितल्या, तर डॉक्टर पुढचे काही वाचणारच नाहीत. म्हणून मी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकाळातील सेवेविषयी दिलेल्या शिफारशी आधार म्हणून घेतल्या. आपल्या मागण्यांपेक्षा अशा शिफारशी अधिक वजनदार ठरतात, आणि डॉक्टरांनाही त्या परक्या नसतात. धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात पाणी पिऊ द्यावे, हलके खाऊ द्यावे. तिला चालू-फिरू द्यावे. सरसकट प्रत्येकीला छेद देऊन टाके घालू नयेत. बाळ बाहेर यावे म्हणून पोटावर दाब देऊ नये. बाळ जन्मल्यावर निदान एक मिनिट नाळ कापू नये आणि बाळ ठीक असेल तर पहिला तासभर ते आईच्या उघड्या अंगावर ठेवावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. गर्भाशयाचे मुख दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना ठोकताळाही त्यांनी बाजूला ठेवला आहे. 'प्रगती होत नाही' हे शब्द ऐकून घाबरणाऱ्या नातेवाइकांना एवढे एक माहीत असले, तरी पुष्कळ फरक पडेल.

सिझरविषयी मात्र मी फार जपून लिहिले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. हा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीतला नाही, हे उघड आहे. तरीही 'मला सिझर नको' असे लिहिणे मला पटले नाही. ज्या शस्त्रक्रियेने जीव वाचतो ती आधीच नाकारून ठेवण्यात काही शहाणपण नाही. 'तातडी नसेल, तर कारण आणि दुसरा मार्ग मला समजावून सांगावा, आणि ठरवण्याआधी थोडा वेळ द्यावा' एवढेच मी लिहिले. सुईणीच्या हातचे घरचे बाळंतपण परत यावे असेही मला मुळीच वाटत नाही. २०१८-२० या काळात महाराष्ट्राचा माता मृत्युदर दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आला होता, आणि रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांवाचून ते शक्य नव्हते. त्या बदलात एक गोष्ट मात्र आपण गमावली. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत जागची न हलणारी, पाठ चोळणारी, धीर देणारी बाई लेबर रूमच्या दाराबाहेर राहिली.

डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करायला शिकलेली बाई, करते ते नेमके हेच काम. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. कळ येते तेव्हा माकडहाडावर तळव्याने घट्ट दाब देणे, कूस आणि बसण्याची रीत बदलायला लावणे, श्वासाची लय राखणे, घोटभर पाणी देणे आणि नर्स काय म्हणाली ते सोप्या शब्दांत पुन्हा सांगणे, ही तिची कामे. ऐकायला ती क्षुल्लक वाटतात. पण वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली, आणि अशी अखंड सोबत मिळालेल्या बायकांमध्ये आपसूक होणारी बाळंतपणे जास्त, सिझर कमी आणि कळांचा काळ थोडा आखूड असल्याचे दिसले. या एका गोष्टीसाठी महागडे यंत्र लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही.

लातुरात मला डूला मिळाली नाही. पुण्याची एक डूला व्हिडिओ कॉलवरून तयारी करून घ्यायला कबूल झाली, पण ऐन वेळी लातूरला पोहोचण्याची हमी तिला देता येईना, आणि तिने ते मोकळेपणाने सांगितले हे मला आवडले. तेव्हा तिने शिकवायचे आणि प्रत्यक्ष सोबत घरच्या बाईने करायची, असे ठरले. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असे सांगितले आहे. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गजन्य आजार नसावा, स्वच्छ कपडे घालावेत, शेवटपर्यंत थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, या त्यातल्या अटी खाजगी दवाखान्यालाही लागू कराव्यात अशाच आहेत. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही आत घेता येते. आमच्या दवाखान्यात लेबर रूममध्ये शेजारी दुसरी बाई असू शकते, त्यामुळे ह्यांना आत येता येणार नव्हते, आणि ते योग्यच आहे.

मग कोण, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा घरात अधिक अवघड निघाला. आईचा मान पहिला, सासूबाई येणार म्हणाल्या तर त्यांचाही मान, आणि आत्याने गावातली कितीतरी बाळंतपणे पाहिलेली. मी मात्र स्वभाव पाहिला. मला कळ आली की आई माझ्याआधी रडेल. आत्या डॉक्टरांना सल्ला देईल. थोरल्या वहिनीचे एक बाळंतपण नॉर्मल झाले आणि दुसरे सिझरने. ती कमी बोलते, आणि कोणी मोठ्याने बोलले तरी तिचा आवाज चढत नाही. आईला हे सांगताना मला जड गेले. ती दोन दिवस फोनवर तुटक बोलली, मग तिनेच वहिनीला बजावले, की आत जाण्याआधी काहीतरी खाऊन घे, नाहीतर तूच चक्कर येऊन पडशील. सासूबाईंनी बाळंतविड्याची आणि नंतरच्या सव्वा महिन्यातली मदत आपणहून मागून घेतली, त्यामुळे त्यांचा प्रश्न फार ताणला गेला नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी कागद उभ्या-उभ्या वाचला. चालणे, पाणी, नाळ उशिरा कापणे आणि वहिनीची सोबत त्यांनी लगेच मान्य केली. उकिडवे बसून बाळंत होण्याला त्यांनी नकार दिला; टेबल आणि नर्स दोन्ही त्यासाठी तयार नाहीत, कुशीवर चालेल, असे त्या म्हणाल्या. मला हे स्पष्ट उत्तर 'बघू' या शब्दापेक्षा बरे वाटले. संमतिपत्राबद्दलही मी विचारले, कारण आपल्याकडे सही नवऱ्याची नाहीतर वडिलांची घेण्याची पद्धत आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिची स्वतःचीच लागते, जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. सही माझी घेतली जाईल, नातेवाइकाची साक्षीदार म्हणून, असे त्यांनी कागदाच्या कडेला स्वतःच लिहिले.

कागदावर शेवटी राहिला तो बाळाचा पहिला तास. चीक दूध बाळाला लगेच द्यायचे, हे आता आजीसकट सर्वांना मान्य आहे. सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवायचा हट्ट मात्र आजीने सोडलेला नाही. वर्षाच्या आतील बाळाला मधातून बॉटुलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, हे मी तिला सांगून पाहिले. त्यावर तिने घरातल्या सर्व मध चाटलेल्या माणसांची नावे घेतली. नुसती कोरडी अंगठी बाळाच्या ओठाला लावावी, अशी तडजोड वहिनीने सुचवली आहे. आजीचे उत्तर अजून यायचे आहे.