बघितलं की!

कालपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. ‘त्यो येडा न्हवता, वैनी.’

जावेच्या माहेरची माणसं आली होती. चहा झाल्यावर मी नेहमीप्रमाणे आजेसासूबाईंच्या गड्याचा किस्सा काढला. मंगळवार पेठेतलं जुनं घर, आजेसासरे संस्थानच्या कचेरीत कारकून. आजेसासूबाई गड्याला म्हणाल्या, ‘दूध उतू जाईल, बघत बस,’ आणि अंबाबाईला गेल्या. परत येतात तर करपल्याचा वास गल्लीपर्यंत आणि हा चुलीपुढं उकिडवा. ‘बघितलं की बाईसाब. तिन्ही अंगांनी गेलं.’

सगळे हसले. (नगर वाचन मंदिरातल्या जुन्या मासिकांच्या बांधीव अंकात हाच किस्सा भलत्याच कुणाच्या गड्यावर छापलेला मला सापडला होता. शेजारीच ‘मालक म्हणाले, मालक घरात नाहीत’. घरी बोलले नाही.)

मोरीत आक्कांची घासणी थांबली. ‘त्यो येडा न्हवता, वैनी. फुडं त्याला कुणी दूध बघाय बसवलं काय?’

नाही बसवलं. ‘तेव्हापासून दूध आजींनीच बघितलं’ हे तर किस्स्याचं शेपूट. त्यावर लोक दुसऱ्यांदा हसतात.

म्हणजे इतकी वर्षं कोण कुणाला हसत होतं? 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा त्याचं शाळेचं वय उलटून गेलेलं. ‘अंगठाबहाद्दर’ हा त्याच्यावरचा आमचा दुसरा विनोद. त्याच्या कानतुटक्या कपाचा तिसरा. आमच्याकडेही आक्कांचा कप... जाऊ दे.

मला एवढं का लागलं? चारचौघांत मला एवढी एकच गोष्ट रंगवून सांगता येते, तीही गेली. एरवी या घरात माझ्या बोलण्याला हसतंय कोण?

रात्री दोनला ताडकन उठून बसले. दिवाळीत आक्कांच्या हातून शोकेसमधला काचेचा मोर फुटला. ‘हात निसाटला, वैनी.’ तेव्हापासून शोकेस मी पुसते. त्याआधी समई तारेच्या घासणीनं खरवडली. तेव्हापासून देवाची भांडी मी घासते, चिंच लावून, गुडघे धरून.

सकाळी आल्या तशा विचारलं, ‘आक्का, मोर मुद्दाम फोडला व्हता काय?’

पदर खोचत म्हणाल्या, ‘कंचा मोर?’

गॅसवर दूध होतं. ‘जरा बघा’ म्हणणार होते. मग मीच बघत उभी राहिले.