क्वांटमचा बॅक आणि खिडकीवरचं ‘सोमवारी ये’

पहिल्या वेळी क्वांटम मेकॅनिक्सला मला ३५ पैकी ९ पडले. पासिंगला १४ लागत होते. अभ्यास केला नव्हता असं म्हणून सुटता आलं असतं, पण केला होता. पहिलाच प्रश्न पार्टिकल इन अ बॉक्सचा, म्हणजे एल रुंदीच्या डब्यात कोंडलेल्या कणाचा. वेव्ह फंक्शन नॉर्मलाइज करा, म्हणजे कण डब्यात कुठेतरी सापडण्याची एकूण शक्यता एक येईल असं करा. साइन स्क्वेअरचं शून्य ते एल इंटिग्रेशन केलं की एल बाय टू येतं, हे मी स्वतः रूममेटला शिकवलेलं. त्या दिवशी एल बाय टू की एल बाय फोर, हेच आठवेना. हाताला घाम, त्याने कागद ओला, त्यावर शाई फुटलेली. वीस मिनिटं मी एकच ओळ लिहीत आणि खोडत बसले. वर बघितलं तर सगळे पुरवण्या मागतायत असं वाटलं. (वीस मिनिटांत कोणी पुरवणी मागत नाही, हे आत्ता कळतं.)

दुसऱ्या वेळी सुटले. कशी सुटलीस, असं ज्युनिअर मुली विचारतात. मी अभ्यासापासून सांगायला लागते आणि दर वेळी गाडी आमच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन अडकते. इथेही तेच होणार आहे.

अभ्यासाचं पटकन सांगते. पेपर सकाळी दहाचा, म्हणून मागच्या पाच वर्षांचे पेपर मी सकाळी दहालाच, घड्याळ लावून सोडवले. वही उघडी ठेवून नाही. रात्री दोनला अभ्यासिकेत गणित सुटतं त्याचा सकाळी दहाला काही उपयोग नसतो, निदान माझ्या बाबतीत नव्हता. कॉलेजात समुपदेशक मॅडम बुधवारी बसतात. त्यांच्याकडे जायला मला तीन आठवडे लाज वाटली. गेले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, चार मोजत घ्यायचा आणि सहा-सात मोजत सोडायचा. दुसरी, पेपरला निघायच्या आधी दहा मिनिटं कागदावर भीती लिहून काढायची. काय काय बिघडेल ते सगळं, शुद्धलेखन न बघता. मला हे पोरकट वाटलं. मग त्यांनी सांगितलं की २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात यावर रामिरेझ आणि बायलॉक यांचा शोधनिबंध आला होता. ज्यांना परीक्षेची फार धास्ती असते, त्यांना असं लिहिल्यावर पेपर चांगला गेला. काळजी डोक्यातली कामाची जागा अडवून बसते, गणिताला जागाच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. एल बाय टू कुठे गेलं होतं ते मला तेव्हा समजलं.

आता खिडकी.

पेपर गुरुवारी. आदल्या शुक्रवारी पोर्टलवर हॉल तिकीट आलं. चालू सेमिस्टरचे सगळे विषय होते, क्वांटमचा बॅक, म्हणजे राहिलेला पेपर, नव्हता. फी भरलेली, पावती हातात. पळत गेले तर सव्वाचार झालेले आणि खिडकी चारला बंद होते.

शनिवारी खिडकीवरच्या मॅडमनी स्क्रीन न वळवताच सांगितलं, “तुझा बॅक सिस्टीमला दिसत नाहीये.”

“मॅडम, फॉर्म सबमिट केलाय. ही पावती.”

“पैसे आलेत. फॉर्म अप्रूव्ह झाला नाही. सबमिट वेगळं, अप्रूव्ह वेगळं. ते सर करतात.”

“सर कुठे आहेत?”

“सोमवारी ये.”

म्हणजे मी माझं काम केलं होतं आणि कॉलेजने त्यांच्या बाजूचं एक बटण दाबलं नव्हतं. दीड महिना. (म्हणून सांगते, फॉर्म भरल्यावर आठ दिवसांनी पुन्हा लॉगिन करून स्टेटस बघा आणि त्याची प्रिंट काढून ठेवा. नुसती पावती कोणी मानत नाही.)

सोमवारी सर होते. ते म्हणाले, आता मुदत गेली, अर्ज लिहा, विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुख दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून गेलेले. मंगळवारी दुपारी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही घेतली. खिडकीवर आले तर, “आवक क्रमांक कुठाय?” आवक-जावक दुसऱ्या इमारतीत. तिथे जेवणाची सुट्टी. शिक्का घेऊन परत आले तेव्हा सर म्हणाले, “वर मेल टाकलाय. उद्या बघू.”

या पाच दिवसांत माझी काय अवस्था होती ते सांगते, कारण ‘घाबरू नकोस, सकारात्मक राहा’ असं सांगणाऱ्यांना ती माहीत नसते. मेसमध्ये पोळीचा घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. पहाटे तीनला आपोआप जाग. पुस्तक उघडलं की पहिली ओळ वाचायची आणि मनात यायचं, पेपरला बसायलाच मिळणार नसेल तर हे कशाला? पेपरची भीती निदान तुकडे करून घेता येते, आज हायड्रोजन, उद्या टनेलिंग. ‘उद्या बघू’चे तुकडे कसे करायचे?

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मंगळवारी रात्री मनात आलं, नाहीच आलं हॉल तिकीट तर बरं. माझी चूक नाही, कॉलेजची चूक, पेपर सहा महिने पुढे. हे मनात येताच पोटातला गोळा चक्क सैल झाला. त्याने मी जास्त घाबरले. खिडकीवर चिडण्यात माझा सगळा दिवस जात होता आणि त्या नावाखाली चार दिवस माझं पुस्तकाचं एक पानही पुढे सरकलं नव्हतं. चिडण्याचं कारण खरं होतं म्हणून कोणी मला काही म्हणतही नव्हतं.

आई रोज रात्री आठला बार्शीहून फोन करते. जेवलीस का? जेवले. त्या रात्री अण्णांनी फोन घेतला. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पैसे भरलेत ना, मग जा आणि तिथंच बस. उठू नको. वही घेऊन जा.”

बुधवारी साडेदहाला मी वही घेऊन खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. नोटीस बोर्डाखाली, जिन्याची वर्दळ, झेरॉक्सचा वास. पहिला तास नुसती खिडकीकडे बघत होते. मग एक सोपं गणित घेतलं. एक अँगस्ट्रॉम, म्हणजे साधारण अणूएवढ्या रुंदीच्या बॉक्समध्ये इलेक्ट्रॉन, सगळ्यात खालच्या पातळीची ऊर्जा काढा. एचचा वर्ग भागिले आठ एम एलचा वर्ग (एच प्लँकचा स्थिरांक, एम इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, एल बॉक्सची रुंदी). उत्तर आलं एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या काही अब्जांश. पूर्वी मी इथे खोडाखोड सुरू केली असती. या वेळी पेन खाली ठेवला आणि विचार केला, हे असू शकतं का? हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. अणूएवढ्याच जागेत कोंबलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा इतकी नगण्य कशी असेल? मागे गेले. एलचा वर्ग करायचा राहिला होता. केला, ३७.६ आलं. दहाच्या पटीत, अणूला शोभेल असं.

चूक माझीच, पकडलीही मीच, आणि आजूबाजूला इतका गोंधळ असताना. त्या बाकावर दुपारपर्यंत अकरा गणितं झाली. शिपाई काका दोनदा येऊन बघून गेले, तिसऱ्यांदा त्यांनी न विचारता वरचा पंखा लावला.

चार पस्तीसला, म्हणजे खिडकी बंद झाल्यावर, सरांनी आतून हाक मारली. नवं हॉल तिकीट निघालं नव्हतंच. जुन्यावरच पेनाने विषय आणि कोड लिहिला, सही केली, गोल शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम. ‘थँक यू सर’ म्हणताना मला रडू येत होतं, आनंदाने वगैरे नाही, रागाने.

गुरुवारी सकाळी दहा मिनिटं भीती लिहिली. त्यातल्या आठ ओळी परीक्षा विभागाबद्दल होत्या. केळं खाल्लं, चहा निम्माच घेतला. गेटवर ‘डब्ल्यूकेबी केलंय का गं?’ (क्वांटममधली अंदाजे उत्तर काढायची एक पद्धत) विचारणाऱ्या मुली असतात, त्यांच्यापासून लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले. हॉलमध्ये सुपरवायझर माझं पेनाने लिहिलेलं तिकीट घेऊन बाहेर गेल्या, पाच-सात मिनिटं आल्या नाहीत. हात थंड पडले. श्वास सोडत मोजत बसले. उत्तरपत्रिका मिळाल्यावर आधी शेवटच्या पानावर पेन्सिलने प्लँकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि साइन स्क्वेअरचं ते इंटिग्रेशन लिहून ठेवलं. विसरण्याआधीच. मग प्रश्नपत्रिका उघडली. पहिला प्रश्न येत नव्हता, तो सोडून तिसऱ्यापासून सुरुवात केली. मध्ये एकदा छाती धडधडली, पाणी प्यायले, गेली.

३५ पैकी २३ पडले. डब्ल्यूकेबी आलंच होतं, मी सोडलं होतं.

पहाटे तीनची ती जाग रोजची झाली आणि सहन होईना, तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलतात. मला हा नंबर नंतर कळला.

आणि हो, अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. दुसरीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा आणि ती आपल्याकडे ठेवायची. मी एकच नेली होती, म्हणून बुधवारी मला पुन्हा विचारलं गेलं, “अर्ज दिलाय का तू?”