नळाचा अर्ज कोराच परत दिला

१६ मे, शनिवार

नळजोडणीचा अर्ज आज न भरताच परत दिला. अर्ज गोळा करायला आलेला पंचायतीचा पोरगा बुचकळ्यात पडला. "वहिनी, सगळी वाडी घेतेय, तुम्हीच नको म्हणता?" सासूबाई ओटीवर कोकमं फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच त्याला विचारलं, "पाणी पिणार का बाबा? विहिरीचं आहे." बिचारा दोन फुलपात्री प्यायला आणि गेला.

ह्यांचं म्हणणं सरळ आहे. विहीर आहे तशी राहू दे, नळही असू दे. दोन्ही असली तर बिघडलं कुठे? ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण वाडीत फिरून बघितलं की पटत नाही. आधीच्या नळयोजनेच्या वेळी ज्यांनी ज्यांनी "असू दे एक कनेक्शन" म्हटलं, त्यांच्या विहिरी बघाव्यात. रोजचा उपसा थांबला, मग रहाट गंजला, मग आंब्याचा पाला पडू लागला तरी कोणी जाळी टाकेना. एका विहिरीत तर आता नारळाची सोडणं टाकतात. कोणी ठरवून विहीर बुजवली नाही. गरज संपली आणि लक्ष उडालं, एवढंच झालं. माझंही तेच होईल हे मला माहीत आहे. सकाळी तोटी सोडली की काम भागतंय म्हटल्यावर गाळ काढायला मी कशाला माणसं शोधत बसेन?

नळाच्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत. ज्यांना उन्हाळ्यात व्हाळात, म्हणजे ओढ्यात, खणलेल्या डवऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरावा लागायचा, त्यांनी तो घ्यावाच, आणि मिळत नसेल तर भांडून घ्यावा. जल जीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. आम्ही चौघं, म्हणजे २२० लिटर. घराला पुरेल, पण दोन गुरं आणि मागच्या पोफळी त्यात बसत नाहीत. म्हणजे विहिरीवर पंप राहणारच. शिवाय आमच्या योजनेचं पाणी तरी येतं कुठून? नदीकाठच्या विहिरीतून. ते टेकाडावरच्या टाकीत चढतं आणि एक दिवस आड खाली येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, आणि तो कुठे फुटलेला असला तर आजूबाजूचा चिखल आत ओढून घेतो. मे महिन्यात ती विहीरही आमच्याच विहिरीसारखी तळाला जाते.

जांभ्याचा हा गुणच आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, विहीर कठड्याला टेकते, हातानं तांब्या बुडवावा इतकी. पण सच्छिद्र दगड पाणी धरून ठेवत नाही. होळीनंतर पातळी रोज डोळ्यांदेखत उतरते.

पाणी मात्र मऊ. डाळ शिजते, साबणाला फेस येतो, आणि पुण्याच्या नणंदेकडे गीझरमध्ये जमतो तसला पांढरा खर आमच्या बंबात औषधालाही नाही. भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा त्याचं दुसरं अंग कळलं. पीएच ६.२. पिण्याच्या पाण्याचं प्रमाण ६.५ ते ८.५. पाणी किंचित आंबट आहे, म्हणून जुना लोखंडी पाइप आतून खाल्ला गेला होता. आता सगळीकडे प्लास्टिकचा टाकलाय.

घरचं पाणी ठेवायचं म्हणजे पाणीखातं आपणच व्हायचं, हे लोक हिशोबात धरत नाहीत. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर. आमची विहीर तीन मीटर रुंद. आत्ता दोन मीटर पाणी आहे, म्हणजे साधारण १४ हजार लिटर, ३५ ग्रॅम पुरते. ऑगस्टमध्ये आठ मीटर असतं तेव्हा १४० ग्रॅम लागते. अंदाजानं मूठभर टाकून चालत नाही. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ पोहऱ्यानं खोल सोडून हलवायची. डब्याचं झाकण सैल राहिलं की इथल्या दमट हवेत पावडरीचा जोर जातो, मग पाण्यात क्लोरीन उतरलाय का, म्हणजे पिवळा रंग येतो का, ते ओटी टेस्ट करून बघावं लागतं. टीसीएलच्या दिवशी सासूबाई त्या पाण्याला हात लावत नाहीत. आदल्या रात्रीच आपल्या दोन कळश्या भरून झाकून ठेवतात. त्यांच्याशी वाद घालायचा मी सोडून दिलंय.

१७ मे, रविवार

काल एवढं सगळं लिहिलं आणि आज वरचे भावजी सांगत आले, नवीन संडासाचा शोषखड्डा घ्यायचाय, जागा आखली. बघायला गेले. आमच्या विहिरीच्या बरोबर वरच्या अंगाला.

टेप लावली. १७ मीटर भरले. कागदावर १५ मीटर अंतर पुरतं, पण ते सांगणाऱ्यानं जांभा खणलेला नसावा. या दगडात हाताची बोटं जातील अशी बिळं असतात. पहिल्या पावसात वरचं पाणी त्यातून कसं धावत खाली येतं ते भावजींनाही ठाऊक आहे. माती गाळते तसं इथे काही गाळलं जात नाही.

विहीर आमच्या सातबाऱ्यावर, पण पाणी त्यांच्या परसाखालून येतं. आणि मे महिन्यात त्यांच्या घरच्या बायका हंडे घेऊन आमच्याच कठड्यावर असतात. पाण्याला नाही म्हणायची या घरात पद्धत नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. सासूबाईंनी दाखवलं.

भावजी म्हणाले, "खड्डा खालच्या बाजूला घेतला तर काजूची दोन झाडं जातील, वहिनी." मी म्हटलं, खणायची जादा मजुरी आम्ही देतो. कलमंही आणून लावून देतो. "घरी विचारून सांगतो," म्हणाले. मंगळवारी जेसीबी येणार आहे.

ह्यांनी रात्री जेवताना विचारलं, तो अर्ज पुन्हा मिळेल ना? मी म्हटलं, मिळेल, पण मंगळवारपर्यंत थांबा.