ब्लँक न लावता

शनिवारी दुपारी पावणेएकला कागदावर जांभळे डाग उमटले. चोवीस वर्षं पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना केमिस्ट्री शिकवतोय मी, तरी ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची तीच चाचणी, लावायच्या आधीच बोलून गेलो, "आहेत गं, अमिनो आम्लं आहेत!" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

दगड आमच्या सेकंड पीयूच्या एका मुलीचा. गाव जांबोटीच्या पलीकडे, पहाटेच्या बसने बेळगावला यायची. तिच्या आबांनी चाळीसेक वर्षांपूर्वी एका रात्री आभाळातून जाळ जाताना पाहिला होता. सकाळी खाचरात अर्ध्या नारळाएवढा काळा, जड दगड मिळाला. तेव्हापासून तो देव्हाऱ्यात होता. बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, सापडल्याची बातमी तिने वाचली आणि दगड फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणला. "सर, ह्यात पण असतील का?"

तिला काय विचारायचंय ते मला लगेच कळलं. 28 सप्टेंबर 1969 रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीवर मी दरवर्षी एक तास बोलतो, सिलॅबसमध्ये नसूनही. शंभर किलोंहून जास्त दगड गोळा झाला आणि आजवर त्यात सत्तरहून अधिक अमिनो आम्लं सापडलीत. त्यांतली बरीचशी आपल्या प्रथिनांत नसतातच. शिवाय पृथ्वीवरचा जीव अमिनो आम्लं जवळजवळ फक्त डावखुरी (रेणूच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एक) वापरतो, तर 1970 साली त्या दगडात डावी-उजवी साधारण सारखी निघाली. म्हणजे ती कुणा जीवाने केलेली नव्हती, पृथ्वीवरून चिकटलेलीही नव्हती. जीव नसताना जीवाचा माल आभाळात तयार होतो, हे त्या दगडाने दाखवलं. बेन्नूचा 121.6 ग्रॅमचा नमुना 2023 च्या सप्टेंबरात उतरला. त्यात आपल्या प्रथिनांतल्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं मिळाली, डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे त्यांची अक्षरं, मिळाले. एवढं असूनही तो फक्त माल आहे, जीव नाही. पेपरवाले हे वाक्य दरवेळी खातात, आणि मला दरवेळी तितकाच राग येतो.

तर आम्ही कामाला लागलो. कोपऱ्यातून चिमूटभर टवका काढला, खलात कुटला, बंद नळीत पाणी घालून रात्रभर वॉटर बाथवर ठेवला. मर्चिसनचा अर्कही गरम पाण्यानेच काढतात, म्हणून मला कोण अभिमान! गाळून, आटवून केशनळीने कागदावर ठिपका दिला. ठिपका दोन मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, फुंकून वाळवायचा, पुन्हा त्याच जागी द्यायचा, असं आठ वेळा. मुलीचा हात माझ्यापेक्षा स्थिर. सकाळी आठला कागद ब्यूटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाण्याच्या टाकीत सोडला. द्रावण चढायला साडेचार तास लागले; त्याबरोबर प्रत्येक आम्ल आपापल्या उंचीवर जातं. मग वाळवला, अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिन फवारलं, ओव्हनमध्ये 105 अंशांवर पाच मिनिटं. तीन डाग, स्वच्छ जांभळे.

मी ते वाक्य बोललो. शेजारच्या लेक्चररने फोटो काढून स्टाफ ग्रुपवर टाकला. दोन वाजेपर्यंत एका पेपरचा फोन आला. कुणी एकानेही विचारलं नाही, की ब्लँक कुठे आहे. विचारणार कोण? आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या रेकॉर्डमध्ये ब्लँकला रकानाच नाही. मुलं अपेक्षित रीडिंग लिहितात, आम्ही सही करतो.

अडीचला कागद पुन्हा हातात घेतला. निनहायड्रिनचा रंग हळूहळू गडद होत जातो. वरच्या कोपऱ्यात, जिथे काहीच लावलं नव्हतं, तिथे एक अंगठा उमटला होता. माझ्या उजव्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा तिरका वण आहे. तो वणसुद्धा त्यात दिसत होता.

हातमोज्यांचं खोकं कपाटात होतं, सील न फोडलेलं. बोटांच्या घामात अमिनो आम्लं असतात, सेरीन आणि ग्लायसीन सर्वांत जास्त. 1965 साली जीवरसायनशास्त्रज्ञ जोआन ओरो यांनी नेमकी हीच धोक्याची सूचना दिली होती: सूक्ष्म तपासणीत तुम्हाला सापडतं ते तुमच्याच बोटांवरचं असू शकतं. हे मला पाठ होतं. वर्गात सांगतोही.

पेपरला फोन करून बातमी थांबवली. मग आवारातला साधा काळा दगड फोडला, त्याचे दोन तुकडे मफल फर्नेसमध्ये 500 अंशांवर रात्रभर भाजले, म्हणजे आधीचं अमिनो आम्ल उरायला नको. रविवारी एकटाच आलो. एक तुकडा मोजे घालून, चिमट्याने. दुसऱ्यावर दूध ओतलं, हळद लावली, वाळवला, उघड्या हाताने हाताळला. कारण तोवर मी मुलीला फोनवर विचारलं होतं, देव्हाऱ्यात दगडाला काय काय वाहता. "दर सोमवारी दूध, सर. श्रावणात रोज." संध्याकाळी मोजे घालून हाताळलेला तुकडा कोरा निघाला. दुधाच्या तुकड्याचे डाग आमच्या डागांच्याच उंचीवर.

मग निकेल. उल्केतलं लोखंड निकेलशिवाय नसतं. टवका आम्लात विरघळवला आणि आधी सायट्रिक आम्ल घातलं. नाहीतर अमोनिया पडताच लोखंडाचा तपकिरी साका बसतो आणि खालचं काही दिसत नाही. मग अमोनिया आणि निकेल असेल तर लाल होणारं डायमिथाइलग्लायॉक्झिम. शेजारी निकेल सल्फेटची नळी. ती लालभडक झाली, दगडाची पिवळीच राहिली. फुटलेला भाग भिंगाखाली काचेसारखा, आत बुडबुडे.

सोमवारी हे सगळं मांडून बसलो तेव्हा आमचे अटेंडर मामा म्हणाले, "किट्ट हाय सर, फाउंड्रीचं. मी उद्यमबागला आठ वर्षं होतो न्हवं. गुरुवारीच बोलणार होतो." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? "तुम्ही कुठं विचारलासा?" फाउंड्रीचा कीट, म्हणजे धातू वितळवताना उरणारा मळ, रस्त्याच्या भरावात, बांधावर, कुठेही जातो. आमच्या स्टाफमध्ये डिग्र्या पुष्कळ, पण तो दगड नुसता बघून ओळखणारा माणूस झाडू घेऊन दारात उभा होता.

मंगळवारी आबा आले. मी त्यांना नळ्या दाखवल्या, कागद दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग जांभळं आलं ते कशाचं?" म्हटलं, तुमच्या घरच्या दुधाचं, आबा, आणि माझ्या हाताचं. "आणि त्यो जाळ?" जाळ तुम्ही बघितलात तो खराच. त्याचा दगड हा नव्हे, एवढंच.

दगड फडक्यात बांधून ते गेले. देव्हाऱ्यात परत ठेवला की नाही, मी विचारलं नाही.

तेव्हापासून जांबोटीकडचा पाऊस आठवत राहतो. समजा, त्या रात्री तिथे खरोखरच मर्चिसनच्या जातीचा, कार्बनवाला दगड पडला. ती जात मातकट असते, भिजली की भुसभुशीत होते. कॅनडातल्या टॅगिश लेकवर 18 जानेवारी 2000 ला पडलेल्याचं मोल यासाठीच, की तो गोठलेल्या बर्फावर पडला आणि हात न लावता, न वितळू देता उचलला गेला. आमच्याकडे मृगापासून चार महिने खाचरात गुडघाभर चिखल. चाळीस पावसाळ्यांत त्या दगडाचं काहीच उरलं नसतं. आबांनी सकाळी त्या चिखलातून उचलला तो टिकणारा दगड, म्हणजे कीट. विरघळणाऱ्याकडे कुणी बघितलंही नसेल. हे मी मुलीला सांगितलं नाही.

परवा ती आली. खाचराच्या बांधावर लोहचुंबक फिरवून सात खडे गोळा केले होते, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, पाकिटावर जागा आणि तारीख. हातात मोजे होते. आठवं पाकीट रिकामंच दिसलं म्हणून विचारलं.

"ब्लँक आहे, सर."

सातही खड्यांत निकेल नाही. पावसाळा संपला की पुन्हा शोधणार म्हणाली.