बाबांचा खोकला आणि आमच्या घराण्याचा तक्ता

एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये, बाबांच्या फुप्फुसांना फायब्रोसिस (व्रण पडून फुप्फुस कडक होणं) असल्याचं दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी फुप्फुसांना अपाय करणाऱ्या गोष्टींची चौकशी केली, पहिली कबुतरांची. गॅलरीत येतात का, घरात कूलर आहे का, कधी दगडखाणीत काम केलंय का? सगळ्याला उत्तर 'नाही'. मग विचारलं, "केस कधी पिकले?" बाबा म्हणाले, "पंचविशीच्या आतच. आमच्याकडे सगळ्यांचेच पिकतात."

इथून दिशाच बदलली, आजार घराण्यातून आलेला असावा असा संशय आला. थोरल्या काकांना शेवटी घरी ऑक्सिजन लागायचा. आम्ही सगळे त्याला दमा म्हणायचो. आत्याच्या प्लेटलेट कायम कमी. जनुकीय समुपदेशक बाईंनी पुरुषांना चौकोन, बायकांना गोल काढत तीन पिढ्या कागदावर मांडल्या. काकूंकडून काकांचं डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे मागून नेले होते, त्यांचा फार उपयोग झाला. जनुकीय चाचणी करणाऱ्यांनी हे काम आधी करावं. घरातली जुनी माणसं आहेत तोवरच ते होतं.

चाचणी म्हणजे नुसतं रक्त देणं. अहवालाची वाट बघणं मात्र जड गेलं. बाबांच्या 'टर्ट' जनुकात दोष निघाला. गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, पेशी विभागताना झिजतात आणि ती झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेजचा मुख्य भाग या जनुकावरून बनतो. टोकं फार आखूड झाली की फुप्फुसांची डागडुजी थांबते, व्रण साठत जातात. अकाली पिकणारे केस, कमी प्लेटलेट, यकृताचे त्रास यांचंही मूळ तेच असू शकतं.

बाबांचं निन्टेडॅनिब हे फायब्रोसिसवरचं औषध आधीपासून चालू होतं. त्याने आजाराचा वेग मंदावतो, झालेला व्रण जात नाही. मग अहवालाने काय साधलं? स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) एकत्र देण्याची पूर्वी पद्धत होती. त्याने असे रुग्ण उलट जास्त दगावतात, हे 2012 मध्ये सिद्ध झालं आणि आखूड टेलोमिअर असलेल्यांना हा धोका विशेष. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं तर हे तिथे कळायलाच हवं, म्हणून अहवाल फायलीत सगळ्यात वर लावला आहे. फ्लू आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस डॉक्टरांनी लगेच देऊन टाकली.

आम्हा भावंडांत प्रत्येकाला हा दोष येण्याची शक्यता निम्मी. मी तपासून घेतलं, माझ्यात आहे. आजार होईलच असं नाही, पण वर्षातून एकदा पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) आणि डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात किती नीट जातो याची तपासणी) करायला सांगितलंय. ताईला चाचणी नको आहे आणि तिच्यामागे कोणी लागायचं नाही असं घरात ठरलंय. बाबांच्या अहवालाची प्रत मात्र तिने आपल्या डॉक्टरांकडे देऊन ठेवली आहे.